होडीचा वाटा

मंगळवार, संध्याकाळ. तारकर्ली.

चौथीतल्या वेदाच्या वहीत आज मी लाल फुली मारली. गणित सोपं होतं. चौघांनी साठ बांगडे पकडले आणि सारखे वाटून घेतले, तर प्रत्येकाला किती? तिने दहा लिहिले होते. मी म्हटलं, पंधरा.

"बाई, मगे होडयेचो वाटो? आणि जाळ्याचो?"

गणितात ते नसतं, म्हणाले. किती सहज म्हणाले मी.

आत्ता किनाऱ्यावर तिचे बाबा वाटे घालताना दिसले. माणसं चार, वाटे सहा. मग माझी फुली कशावर होती?

घरी येऊन, शाळा सुटताना गोळा केलेल्या वह्यांतून तिची वही काढली, फुली खोडावी म्हणून. पण तिने दहा आधीच पुसून टाकलेत आणि फुलीखाली सुंदर अक्षरात पंधरा लिहिलेत.