टोकन नंबर एकेचाळीस

शनिवार, ७ मे, संध्याकाळ

डोकं फिरलंय आज. पंचवीस वर्षांत तीन गाड्या घेतल्या, तिन्ही एकाच कंपनीच्या. भावाला, मेहुण्यालाही हट्टानं त्याच घ्यायला लावल्या. आणि आज सर्व्हिसिंगला गेलो तर काउंटरवरची मुलगी म्हणते, "सर, टोकन घ्या." एकेचाळीस!

पाणीटंचाईमुळं गाडी धुऊन मिळणार नाही, हे मान्य. घरीच नळ आठवड्यानं येतोय. पण तीन तास बसवून वर म्हणे, "तुमचं मॉडेल बंद झालं, पार्ट आला की फोन करू." क्रांती चौकात यांचं छोटं दुकान होतं, तेव्हा मालक नावानं हाक मारत बाहेर यायचे. आता जालना रोडवर काचेचा महाल बांधलाय आणि मी कोण, तर एकेचाळीस.

तसाच उठलो, समोरच्या दुसऱ्या कंपनीच्या शोरूममध्ये शिरलो आणि गाडी बुक करूनच बाहेर पडलो. रागात केलं का? व्हय, रागातच.

घरी बायकोला सगळं सांगितलं. वाटलं, म्हणेल बरं केलंत. ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "दहा वर्षं सांगतेय, आपल्या गाडीची सीट लई खाली आहे, उतरताना माझे गुडघे धरतात. तेव्हा म्हणायचात, कंपनी बदलायची नाही. आज तुमचा मान राहिला नाही, तर तासाभरात बदलली?"

मग तिनं विचारलं, "नव्या गाडीची सीट तरी उंच आहे का?"

ते मी बघितलंच नव्हतं.