बॉनेट गार होईपर्यंत

रविवार, संध्याकाळ

फोनवर तीनदा सांगितलं होतं की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. छावणी भागात मालकांच्या घरी पोचले, शेडखाली उभ्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेवला, तर गरम! मालक म्हणाले, "तुम्ही येणार म्हणून एक चक्कर मारून आणली." तेही मला नाही, माझ्या धाकट्या भावाला, विकीला. सगळं त्यालाच सांगत होते. त्याला स्कूटरसुद्धा धड चालवता येत नाही.

अशी जुनी जपानी गाडी, पळणारं इंजिन, मूळ रंग, मी दोन वर्षं शोधतेय. जीव जडला होता बघताक्षणी. पण गार इंजिन जे दाखवतं ते गरम इंजिन लपवतं. मग तिथंच खुर्ची टाकून बसले. तीन तास! विकी कुरकुरला, "ताई, लई झालं, चल ना." मी आपली मधूनमधून उठून बॉनेटला हात लावतेय. जरा जास्तच केलं का मी? केलं तर केलं.

शेवटी बॉनेट गार लागलं. चावी फिरवली आणि मागून निळा धूर. म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय. मालक परत विकीलाच म्हणाले, "उभी राहिली की होतं तसं."

विकी म्हणाला, "मला काय सांगता? गाडी तिला घ्यायचीय."

पुढच्या रविवारी चिकलठाण्यातली दुसरी गाडी बघायचीय. आत्ताच त्या मालकांना फोन केला, "मी येईपर्यंत चावी लावू नका. लावलीत तरी हरकत नाय, मी डबा घेऊनच येतेय."