दुधात खोट नव्हती

माय, तुझ्या नातीनं मुलगा पसंत केला आहे. अकोल्यात तिच्यासोबत शिकलेला, गुणी पोरगा. तपासणीत दोघंही सिकलसेलचे वाहक निघाले. त्यांना स्वतःला त्रास नाही. पण त्यांच्या प्रत्येक लेकराच्या वेळी चारात एक शक्यता त्याच आजाराची, ज्यानं आपला धाकटा नेला.

हा आजार आई आणि बाप, दोघांकडून यावा लागतो हे कळलं तेव्हा आधी तूच आठवलीस. तेल्हाऱ्याचं ते स्वयंपाकघर. तान्ह्या धाकट्याचे हातपाय सुजलेत, आणि आजी दारातून म्हणते, "तुह्याच दुधात खोट हाये." तू खरं मानलंस. अंगावरचं तोडून त्याला शेळीचं दूध पाजू लागलीस. तुझा पदर ओला व्हायचा आणि तू भिंतीकडे तोंड करून बसायचीस. बाप खाटेवर गप्प. निम्मं त्याचं होतं, माय.

मी आयुष्यभर सभांमधून गरजत आलो, पत्रिका जाळा, जात पुसू नका, रक्त सगळ्यांचं सारखं! परवा लेकीनं तेच माझ्या तोंडावर फेकलं.

"स्टेजवर म्हणता रक्त इचारू नका, अन् घरात काहून इचारून राहिले, बाबा?"

"हे वेगळं आहे, बाई."

"काय वेगळं? आता तं जनुकच दुरुस्त करतात. माह्या लेकरापर्यंत येईनच ना ते इकडं?"

मी अमरावतीच्या डॉक्टरांना गाठलं. रुग्णाच्याच मज्जेतल्या पेशी काढतात, सुधारतात, परत सोडतात. काहींच्या कळा खरोखर थांबल्या, म्हणाले. माझा ऊर भरून आला. "आपल्याकडे कधी?" या प्रश्नावर मात्र ते बाहेरच्या बाकावरच्या लेकरांकडे पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, "गर्भाची तपासणी मात्र आजही होते."

 ती सोय धाकट्याच्या वेळी असती, तर तू काय केलं असतंस?

काल लेक म्हणाली, "काका कसा होता, सांगा ना." मी त्याचं कळवळणं सांगितलं, तव्यावर रेती तापवून त्याचे सांधे शेकायला तू बांधलेल्या पुरचुंड्या सांगितल्या. ती ऐकून पांढरी पडली.

हे पत्र कुठं जाणार नाही, म्हणून लिहितो. कापूस बाजारातल्या अडत्याची नक्कल करत तो तुझाच लिलाव पुकारायचा, "बोला, माय घ्या माय!" आणि तू हसता हसता चुलीपुढं बसकण मारायचीस, हे मी तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर तिनं लग्न ठरवून टाकलं असतं.