टोपली परत मिळाली, कुत्रा मिळावा

प्रति,
मा. देखरेख अधिकारी,
कुत्र्यांचा कोंडवाडा
(गेटवरच्या पाटीवर आपलं नाव नाही, म्हणून एवढंच.)

विषय: पाय कापलेला, बिल्ला असलेला कुत्रा ‘सरंगा’ आजच सोडण्याबाबत, तोवर त्याच्या गळ्यात टोपली घालण्याबाबत.

संदर्भ: आज सकाळी आपल्या गेटवर झालेलं बोलणं.

महोदय,

खरं सांगतो, हा अर्ज मी लिहिणारच नव्हतो. कागद टेबलावर पोचेस्तोवर कुत्रा उरेल का, असं वाटलं. पण आपला गेटवाला म्हणाला, “तोंडी काय नाय चालत, कागद आण.” म्हणून मच्छीमार सोसायटीच्या मशीनवर घाईत टाइप करतोय. चुका पोटात घाला.

१. सरंगा वेसाव्याच्या धाकूचा. धाकू माझा दोस्त. मागच्या आठवड्यात होडी वर ओढताना सरंग्याचा मागचा पाय ओंडक्याखाली चिरडला. डॉक्टरांनी पाय कापला, टाके घातले आणि दम दिला, “टाक्यांना तोंड लागता कामा नये. लागलं तर सगळं उसवेल.” मग धाकू दर्यात गेला. जायला तयार नव्हता, मीच म्हटलं, जा यार, मी आहे ना.

२. सरंगा ऐकतोय कशाला! शेवटी धाकूच्या आईने, सगुणाबाईंनी, आपल्या मासळीच्या टोपलीचं बूड कापलं आणि ती त्याच्या गळ्यात अडकवली. खाली पट्टा रुतायला लागला, म्हणून पट्टा काढून परवान्याचा बिल्ला टोपलीलाच तारेने बांधला. अख्खा कोळीवाडा हसला, पण जखम सुकत आली. परवा तर तो तीन पायांवर उभा राहून बोंबलांवरच्या कावळ्यांवर भुंकला, धपकन पडला आणि परत उठला.

३. काल आपली गाडी आली. बाकीची कुत्री पळाली, हा कसा पळणार? आपला माणूस म्हणतो, बिल्ला गळ्यात पाहिजे. हा टोपलीला आहे, म्हणजे परवाना टोपलीला, कुत्र्याला नाही. आणि साहेब, त्याने टोपली काढून सगुणाबाईंच्या हातात दिली नि कुत्रा नेला.

४. आज गेटवर सांगितलं, मालक स्वतः आणा, नाहीतर उद्या सकाळी कुत्रा मारून निकालात काढू. सगुणाबाई म्हणाल्या, “माजा पोर दर्यान हाय, त्याला काय पोहत आणू?” उत्तर मिळालं, “ते तुम्ही बघा.” बिल्ल्याची नोंद आपल्याच कचेरीत आहे. नंबर जुळवून बघा.

५. आता सर्वांत घाईचं. टोपली नाही म्हणून तो टाके चावतोय. ओरडलं की थांबतो, गप्प झालं की परत सुरू. मी हे टाइप करतोय तोवर सगुणाबाई कोंडवाड्याच्या जाळीशी उभ्या राहून ओरडतायत. त्यांचा घसा बसलाय.

सोडायला निर्णय लागतो, कबूल. टोपली घालायला लागत नाही. मला आत सोडा, मी घालतो. मला तो चावत नाही.

संध्याकाळी भीमराजची होडी बर्फ घेऊन धाकूच्या होडीकडे निघते. ती पोचेस्तोवर उद्याची दुपार होणार, म्हणजे मालक वेळेत येऊच शकत नाही. तिच्यासोबत पाठवायचा निरोप आपल्या माहितीसाठी खाली देतो.

आपल्या गेटवर थांबलेला,
जयवंत भिकाजी घाडी
वेसावे, अंधेरी (पश्चिम)
ता. १४ नोव्हेंबर १९७४

सोबत: टोपली, बिल्ल्यासकट.

निरोप: “धाकू, सरंगा घरी आहे असं खोटं नाही सांगत, काल त्याला कोंडवाड्यात नेलंय. पण तू जाळं अर्धवट सोडून येऊ नकोस रे. टोपली त्याच्या गळ्यात घालून त्याला बाहेर काढल्याशिवाय मी ह्या गेटवरून हलत नाही. शब्द देतो.”