वाकड्या कपाटाचा सरळ पाय

मिलान, रविवार, ११ सप्टेंबर १९८३

प्रिय फेर्मोदादा,

तुझ्या कंबरदुखीला उतार पडला असेल, कार्लेत्तावहिनीच्या टोमॅटोच्या बरण्या यंदा धड राहिल्या असतील, आणि माझ्यावरचा राग निदान जेवणाच्या आड येत नसेल, अशी आशा आहे. मी ठीक आहे. (हे खरं नाही, पण पहिल्याच परिच्छेदात रडणं बरं दिसत नाही.) तू तिसऱ्यांदा फोन आपटलास म्हणून लिहिते आहे. तुझ्या कारखान्यासाठी प्लायवुड न्यायला येणाऱ्या गाडीवाल्याकडे हे पत्र देईन. तो ते तुझ्या हातात ठेवून तू वाचेपर्यंत उभा राहील.

शुक्रवारी तुझं कपाट स्टुडिओत पोचलं. आर्किटेक्ट तोरनाघींनी फोटोग्राफर बोलावून ठेवला होता. (ते माझे साहेब, माझ्याहून नऊ वर्षांनी लहान आहेत आणि पिवळा चष्मा लावतात. चष्म्याचा रंग इथे लिहायची गरज नव्हती, पण राग आला की मला रंग दिसतात.) दोरी सोडली, चादर काढली, आणि बघतो तर काय! चारही पाय सारखे. दाराची मूठ बरोबर हाताच्या उंचीवर. आणि गुलाबी-काळ्या ठिपक्यांच्या लॅमिनेटच्या जागी अक्रोडाचं व्हिनिअर, असं पॉलिश केलेलं की साहेबांना त्यात स्वतःचा चेहरा दिसला, तोही न आवडेल असा. त्यांनी खिशातून काचेची गोटी काढून कपाटाच्या माथ्यावर ठेवली. ती घरंगळत जाऊन खाली पडायची, आणि त्याचाच फोटो निघायचा होता. गोटी हललीसुद्धा नाही. मग दारात अडकवलेली तुझी चिठ्ठी सापडली. फोटोग्राफरने ती मोठ्याने वाचली: “आर्किटेक्टसाहेब, ड्रॉइंगमधल्या चुका सांभाळून घेतल्या आहेत. बाहेर कुणाला बोलणार नाही. व्हिनिअर माझ्याकडून भेट.”

दादा, त्या चुका नव्हत्या. एक पाय आखूडच हवा होता. मूठ घोट्याजवळच हवी होती. हे मला तरी पटतं का, असं तू विचारशील. मी स्वतःला दोन वर्षं तेच विचारते आहे. डायरीत या विषयावर एकवीस पानं आहेत आणि शेवटच्या पानावर फक्त प्रश्नचिन्ह. साहेब म्हणतात, आपल्या आधीच्या आधुनिक मंडळींनी फर्मान काढलं की वस्तू साधी हवी, उपयोगी हवी, नक्षी नको, रंग नको, गंमत तर नकोच. आम्ही एवढंच विचारतो, का? याला ते उत्तर-आधुनिक म्हणतात. विचार म्हणून मला तो आवडतो. (कपाट म्हणून नाही. पण मग विचार आवडला असं म्हणणं प्रामाणिक आहे का?)

मी वेडीवाकडी उपाययोजनाही सुचवली. एका पायाखाली टेलिफोनची डिरेक्टरी सरकवून पाहिली. कपाट कललं, गोटी पडली, मला हायसं वाटलं. साहेब म्हणाले, “एर्सिलियाबाई, वाकडेपणा आतून यावा लागतो.” मग स्टुडिओतल्या दोघा पदवीधरांनी करवत घेऊन पाय कापायला घेतला. तुझं लाकूड असं कठीण की अर्ध्या तासात एक ओरखडा आणि दोन फोड, एवढंच निघालं. शेवटी साहेबांनी तुला फोन लावला. तुमचं संभाषण सगळ्या स्टुडिओने ऐकलं, कारण तुम्हा दोघांनाही फोनची गरज नव्हती.

“चाळीस वर्षं मी पाय सारखे करतोय!” हे तुझं. “म्हणूनच एकदा तरी थांबा, मास्तर!” हे त्यांचं. मग मला फोनवर घेऊन तू म्हणालास, “तुझ्या साहेबाची मानच वाकडी असेल, डॉक्टरकडे पाठव त्याला. माझ्या रंध्यातून वाकडं निघणार नाही.” आणि आपटलास.

येत्या शनिवारी आमच्या स्टुडिओचं प्रदर्शन उघडतं. साहेबांनी शांतपणे सांगितलंय की, शुक्रवारपर्यंत वाकडं कपाट आलं नाही, तर सोमवारी मीही येऊ नये. तुझ्या कारखान्याचं नाव मीच सुचवलं होतं ना. सेहेचाळिसाव्या वर्षी मला दुसरीकडे कोण घेईल?

वहिनीला नमस्कार. तिने माझी बाजू घेऊ नये, तुझी सोडून.

तुझी,
एर्सिलिया

ता. क. : तर मागणं एवढंच की, मूळ ड्रॉइंगबरहुकूम दुसरं कपाट गुरुवारपर्यंत कर. वाईट कर असं म्हणत नाही. सांधे तुझेच असू देत, फक्त कपाट कललेलं असू दे. तुझ्याइतकं नीट वाकडं दुसऱ्या कुणाला जमणारही नाही.

ता. क. २ : ड्रॉइंग तुझ्याकडे रवाना करण्यापूर्वी माझ्या टेबलावर होतं. पायाजवळ पेन्सिलीने “आखूड? तपासावे” आणि मुठीजवळ “हात पोचत नाही” हे मी लिहिलं होतं. मला राहवलं नाही. तू ते ऑफिसचं सांगणं समजलास, आणि कुणीही तेच समजलं असतं. (व्हिनिअर मात्र तुझं.) फोनवर तू “कागदावरच लिहिलं होतं” म्हणालास, तेव्हा साहेबांना ऐकू जाऊ नये म्हणून मी मोठ्याने खोकले.

ता. क. ३ : साहेबांना हे मी प्रदर्शनानंतर सांगणार होते. आत्ता वरचं वाचून पाहिलं आणि लाज वाटली. उद्या सकाळी, त्यांची कॉफी यायच्या आत सांगते. तेव्हा हे पत्र तुझ्या हातात पडेल त्या वेळी माझी नोकरी बहुधा गेलेली असेल. मग तू कपाट वाकडं कशासाठी करावंस, हे मला सुचत नाही.

तरी कर.