कंसातला मजकूर मोठ्याने वाचू नये

तीर्थरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. (लिहायची पद्धत म्हणून नव्हे. मी खरोखरच जमिनीवर पालथा पडून लिहितोय, कारण या लॉन्ड्रीत खुर्ची एकच आहे आणि तिच्यावर मालकीणबाई बसतात.) ऑपरेशननंतर तुझा डोळा कसा आहे? खाज आली तरी चोळत नाहीस ना? तुझं शिलाई मशीन बंद पडल्यामुळे गल्लीतली निम्मी माणसं सेफ्टीपिना लावून हिंडत असतील. हिंडू देत. तू घाई करू नकोस.

पत्र पाहून म्हणशील, भिंगरीला झालं तरी काय, फोन मोडला की काय याचा? फोन ठणठणीत आहे. पण फोनवर तू स्पीकर लावतेस, आणि माझा आवाज आला की बाबा उठून गॅलरीत कुंड्यांना पाणी घालायला जातात. मी घर सोडून चौदा महिने झाले, एव्हाना झाडं कुजली असतील बिचारी. पत्राचं तसं नाही. डॉक्टरांनी तुला सहा आठवडे वाचायची बंदी केलीय, म्हणजे हे वाचून दाखवणार तुझा धाकटा भाऊ. मधेच उठून जायची सोय नाही, कारण घरात चालणारा चष्मा एकच आणि तो त्यांच्या नाकावर. (कंसातला मजकूर खासगी आहे. वाचणाऱ्याने तो मोठ्याने वाचू नये, मनातल्या मनात वाचावा आणि पुढे जावं.)

तर सिनेमे. तू म्हणालीस की मालिकांतल्या सगळ्या सासवा पाठ झाल्या, सगळं जग बघतं ते नको, आडवाटेचं काहीतरी सुचव. आडवाट म्हटली की लोक मला विचारतात, एवढाच माझा लौकिक. नावं मात्र मागू नकोस. परदेशी नावं माझ्या डोक्यात टिकत नाहीत. (माझ्याकडे काहीच टिकत नाही, असं कोण म्हणायचं ते इथे लिहीत नाही.) टीव्ही लावलास की आपल्या खात्यात माझं चित्र दिसेल, रडका मासा. त्याच्यावर दाब, यादी समोर येईल. मी पोस्टरवरून खुणा सांगतो.

पहिला भुताचा. पोस्टरवर लिफ्टचं दार आणि फटीतून बाहेर आलेला एक पांढरा हातमोजा. भूत लिफ्टवाल्याचं आहे आणि स्वभावाने इतकं गरीब की तूच त्याला चहा विचारशील. कोणाला मारत नाही, केस मोकळे सोडून किंचाळत नाही. माणसाला जायचं असतं पाचव्या मजल्यावर, पण हे त्याला नेतं तो जिथे जायचं वर्षानुवर्षं टाळतोय तिथे. दार उघडलं की समोर टाकलेली बायको, नाहीतर तोडलेला मित्र. मला एवढी धास्ती कवटीची वाटली नसती. हा मी इथे, चादरी मशीनमध्ये टाकून पाहिला आणि त्या नादात एक लाल मोजा आत गेला. एका हॉटेलच्या चाळीस चादरी गुलाबी झाल्या. मालकीणबाईंनी विचारलं, "हे काय?" मी म्हटलं, "भूत होतं." त्या म्हणाल्या, "भुताला पांढऱ्याच लागतात रे बाळा. धू." सहा दिवस मी त्याच चाळीस चादरी धूत होतो. सहाव्या दिवशी पांढऱ्या झाल्या. (आत्या, सहा दिवस, एकच काम. वाचणाऱ्याने इथे थांबून चष्मा पुसला तरी हरकत नाही.)

विषय निघालाच आहे तर सांगतो, या आधी मी बेकरीत अकरा दिवस होतो, रोपवाटिकेत तीन आठवडे, आणि लोकांची कुत्री फिरवायच्या कामावर एक सकाळ. (कुत्रं वेळेवर परतलं. मला उशीर झाला.) पण ते राहू दे.

दुसरा हेरगिरीचा. पोस्टरवर लोकरीचा गुंडा. हेर म्हणजे एक म्हातारी, स्वेटर विणते आणि टाक्यांमध्ये निरोप लपवते. मग तिची नजर अधू होते, दोन टाके सुटतात आणि अख्खी फौज भलत्याच टेकडीवर जाऊन बसते. तुझ्या धंद्यातला आहे, टाके नीट बघ, मला एक-दोन खोटे वाटले. यातली माणसं मात्र घडाघडा बोलतात, खालची ओळ आली की गेली. परवा तू म्हणालीस, चित्र दिसतं पण अक्षरं दिसत नाहीत, म्हणून "कोणीतरी" वाचून दाखवतं. आत्या, त्या घरात तुम्ही दोघंच राहता. ते कोणीतरी खुन्याच्या धमक्यासुद्धा शाळेतल्या सूचनेसारख्या वाचतं, आणि "अक्का, हा माणूस फार बोलतो, याने काय खून करायचा," असं म्हणतं, हेही तूच हसत हसत सांगितलंस. मी फोन ठेवला आणि दोन उशांचे अभ्रे एकाच उशीला घातले.

कारण तुला ठाऊक आहे, सिनेमा हा शब्द त्या घरात कशामुळे बंद झाला. बाबांच्या बाइंडिंगच्या कारखान्यात मी तीनशे अंकगणितांना कव्हरं उलटी चिकटवली. सरसाच्या डब्याला फोन टेकवून सिनेमा बघत होतो. तीनशे पोरांनी पुस्तक उघडलं असतं तर सगळी गणितं डोक्यावर उभी. बाबा ओरडले असते तर मी राहिलो असतो. ओरडले नाहीत. कव्हरं सोडवत बसले आणि म्हणाले, "एक तरी गोष्ट शेवटपर्यंत कर, मग तोंड दाखव." मी त्याच दुपारी बॅग भरून निघालो. (तीही अर्धीच भरली. टॉवेल अजून दारामागे असेल.)

तिसरा सिनेमा मी खास तुझ्यासाठी काढलाय. पोस्टरवर नदी आणि बाकी धुकं. एक म्हातारा नाव चालवतो, या काठावरून त्या काठावर. त्याचा मुलगा पलीकडे निघून गेलाय. तासभर नुसती नाव जाते आणि येते. तुला वाटेल बिघडलाय, पण बिघडलेला नाही, तो तसाच आहे. बोलणं जवळजवळ नाही, म्हणजे वाचणाऱ्याच्या घशाला विश्रांती. मी सव्वा तासावर थांबलोय. मुलगा पलीकडच्या काठावर येऊन उभा आहे, त्याने हात वर केलाय, आणि म्हातारा या काठावर दोर गुंडाळतोय. त्याने पाहिलं की नाही, कळत नाही. तेवढ्यात मला मालकीणबाईंनी हाक मारली.

बाकी मजेत. जेवतो वेळेवर. घरातल्या सर्व मोठ्यांना नमस्कार. (मोठे एकच आहेत.)

तुझा लाडका (हे तूच म्हणाली होतीस),
भिंगरी

ता. क. नदीवाला सिनेमा तुम्ही दोघांनी मिळून पाहा. पोस्टरखाली लाल रेघ असते, किती पाहून झालं ते दाखवते, आणि ती मला इथेही दिसते. रेघ टोकाला गेली की मी सकाळची पहिली बस धरीन. अर्ध्यावरच राहिली तर तुझा डोळा दुखला असेल असं समजेन. रोज बघतोय.

ता. क. दुसरा. खोटं बोललो, आत्या. शेवट मी पाहिलाय. पूर्ण, नावांची पाटी संपेपर्यंत. मग रेघ मागे ओढून सव्वा तासावर आणून ठेवली. म्हातारा नाव घेऊन जातो. मुलाला मिठीबिठी काही मारत नाही. त्याच्या हातात वल्हं देतो आणि स्वतः मागच्या फळीवर आडवा होऊन झोपतो. मला एवढं पुष्कळ आहे. कव्हराची वरची बाजू कुठली, ते आता मी दोनदा बघून घेतो.

ता. क. तिसरा. (बाबा, हा कंस मोठ्याने वाचलात तरी चालेल.)