बदकं म्हणजे पंधरा

आदरणीय दादा,

तुमच्या निर्णयात धाकट्या बहिणीने तोंड घालावे हा आगाऊपणाच आहे. त्याबद्दल आधी क्षमा मागते. मी खुशाल आहे. खोली हवेशीर आहे, जेवणही वेळेवर होते. आईचा खोकला थांबला का?

गेल्या शनिवारी आमच्या शिकवणीतल्या मुलांनी पालकांसमोर चिनी भाषेतली गणिते झरझर सोडवली. ते पाहून तुम्ही तुमच्या सिन हुईला गावच्या शाळेतून काढून इकडे आणायचे ठरवलेत.

काल मी त्यांतलेच एक गणित पुन्हा फळ्यावर लिहिले: तळ्यात चोवीस बदके, त्यांतली नऊ उडाली. फक्त चोवीसऐवजी तीस लिहिले. वर्ग ओरडला, "पंधरा!"

"अरे, प्रश्न तरी वाचा," मी म्हटले.

पहिल्या बाकावरची मेई झेन म्हणाली, "वाचायचा कशाला, बाई? बदकं म्हणजे पंधरा, आंबे म्हणजे चाळीस!"

आमच्या संचालिका लोहबाईंना हे सांगितले, तर त्या हसल्या. "पालक टाळ्या वाजवून गेले ना? मग तू कशाला बदकं मोजत बसतेस?" येत्या शनिवारचा फळा मात्र त्या स्वतःच लिहिणार आहेत.

कदाचित माझेच मन संशयी असेल. तरी सिन हुईचा दाखला इतक्यात काढू नका. शनिवारी न कळवता या, मागे बसा, आणि कोणत्याही एका मुलाला फळ्यावरचा प्रश्न मोठ्याने वाचायला सांगा. मी सांगितले, हे मात्र बोलू नका.

वहिनींना नमस्कार.

आपली आज्ञाधारक,
युएत फोंग

पेनांग, टपालात टाकले मंगळवार, ८ मार्च १९८८, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी.